आपला तो हेर, दुसऱ्याचा तो फितूर

जॉन ल कारे ह्या इंग्रज ग्रंथकाराने जॉर्ज स्मायली ह्या हेराभोवती गुंफलेल्या नऊ कादंबऱ्या आम्ही अलीकडेच ओळीने वाचून संपविल्या. पहिली ‘कॉल फॉर द डेड’ १९६१ सालची, शेवटची ‘अ लेगसी ऑफ स्पाइज’ २०१७ सालची. हेरकथा म्हणजे रिकामटेकड्यांचे वाचन, असे मानणाऱ्या विद्वज्जनांशी वाद घालण्याची आमची इच्छा नाही. आमचा वाद आहे तो ही पुस्तके वाचून माना डोलविणाऱ्यांशी, म्हणजे आमच्याच शनिवार पेठेतील रसिक मंडळींशी.

ह्या मंडळींस ग्रंथकाराचे जे मोठेपण वाटते ते यथार्थच आहे. ल कारे हा स्वतः ब्रिटिश हेरखात्यात नोकरी केलेला गृहस्थ. तरीही १९६३ च्या ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ मध्ये त्याने तशाच खात्याची लक्तरे वेशीवर टांगली. मुण्ट हा पूर्वाश्रमीचा नाझी व मनुष्य म्हणून क्रूर. परंतु तो ब्रिटिशांचा छुपा हस्तक, म्हणून त्यास वाचविण्यासाठी खाते एका प्रामाणिक शत्रूचा आणि एका निरपराध मुलीचा बळी देते. पुढे १९७४ च्या ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ मध्ये घरभेदी निघतो तो बिल हेडन: कुलीन, ऑक्सफर्डमध्ये शिकलेला, चित्रकलेचा षोकी, खुद्द स्मायलीच्या संसारात विष कालविणारा. त्याने देश विकला, जिवलग मित्रासही शत्रूच्या गोळीपुढे ढकलले. ग्रंथकार त्याची गय करीत नाही. परंतु त्यास एका शिवीत गुंडाळून फेकूनही देत नाही. हा मनुष्य असा का झाला, हे स्मायली शेवटपर्यंत शोधतो, आणि ते पुरते उमगल्याचा आव आणीत नाही.

हे सारे वाचून आमची मंडळी गहिवरतात. ‘विश्वासघाताकडे केवढ्या समंजसपणे पाहिले आहे!’ असे उद्गार काढतात. आणि मग पुस्तक मिटून शनिवारवाड्यावरून जाताना म्हणतात, ‘इथेच त्या हरामखोर नातूने निशाण चढविले.’ झाले! लंडनच्या घरभेद्यासाठी चारशे पृष्ठांची सहृदयता, आणि आमच्या पेठेतल्या घरभेद्यासाठी एक शिवी.

बाळाजीपंत नातूने १७ नोव्हेंबर १८१७ रोजी वाड्यावर इंग्रजांचे निशाण लावले, ह्या कृत्याची वकिली आम्ही करीत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, शिवी ही उत्तर नव्हे, ती प्रश्न टाळण्याची युक्ती आहे. एल्फिन्स्टन १८११ पासून पुण्याचा रेसिडेंट होता. कंपनीचे शिपाई फितविण्याचा बाजीरावाचा डाव त्यास आधीच कळला होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई जुंपली व संगमावरील त्याचा बंगला ग्रंथसंग्रहासह जळाला, तेव्हा तो स्वतः सुरक्षित होता. इतक्या बातम्या एकट्या नातूने पुरविल्या काय? दरबारातले किती कान व किती तोंडे ह्या कामी लागली असतील? आणि ज्या पेशव्याने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस तह करून इंग्रजांची फौज स्वतःच्या उशाशी आणून बसविली, तो मात्र ‘दुर्दैवी’! धन्याने राज्य गहाण टाकले ते राजकारण, आणि चाकराने निशाण लावले ती फितुरी, हा कोणता न्याय?

गोष्ट एवढ्यावरही थांबत नाही. ह्याच नातू घराण्यातील दोघा बंधूंस १८९७ साली, रँडच्या खुनानंतर, त्याच इंग्रज सरकारने खटला न चालविता स्थानबद्ध केले. ज्या घराने निशाण चढविले त्याच घराचा ऐंशी वर्षांनी सरकारला संशय यावा, ह्याहून मोठी कादंबरी ल कारेलाही सुचली नसती. मराठीत ती आमच्या वाचनात नाही.

नाण्याची दुसरी बाजू बहिर्जी नाइकांची. सुरतेच्या स्वारीच्या संदर्भात बखरकाराने त्यांचे नाव घेतले आहे; समकालीन पुरावा अगदी थोडा, कथा मात्र उदंड. त्या कथांतला हेर कधी फकीर होतो, कधी गोंधळी. पण त्याला कधी रात्री झोप लागत नाही असे होत नाही. त्याने विश्वासात घेतलेल्या माणसाचे पुढे काय झाले, हे कोणी विचारीत नाही. म्हणजे आमच्या वाङ्मयात हेर दोनच प्रकारचे: एक देव, दुसरा चांडाळ. मनुष्य एकही नाही.

‘जेत्यांना आत्मपरीक्षण परवडते, परदास्यात पिचलेल्यांस वीर आणि फितूर एवढेच पुरेसे असते,’ असा आक्षेप कोणी घेईल. १९४७ पूर्वी त्यात तथ्य होते. आज राज्य आमचे आहे. १९६८ साली ‘रॉ’ स्थापन झाली तेव्हापासून परदेशी हेरगिरीचे स्वतंत्र खातेही आमचे आहे. जे काही गुप्तपणे केले जाते ते आता आमच्या नावाने व आमच्या पैशाने केले जाते. ज्या समाजास आपल्या हेराविषयी फक्त टाळी आणि परक्याच्या हेराविषयी फक्त थुंकी ठाऊक आहे, तो ह्या खात्याच्या कारभारास कोणता प्रश्न विचारणार? वाङ्मयाने ज्याची सवय लावली नाही, ते नागरिकास ऐन वेळी सुचत नाही.

तेव्हा ल कारेची सहृदयता उसनी आणूनही भागणार नाही, कारण तिलाही कुंपण आहे. स्मायली व त्याचा प्रतिस्पर्धी कार्ला ह्यांची जी भेट साऱ्या मालिकेचा कणा आहे, ती घडते दिल्लीच्या तुरुंगात, १९५५ साली. स्वतंत्र भारताच्या राजधानीतली ती कोठडी. परंतु तेथे आमचा देश म्हणजे काय, तर उकाडा. इंग्रजाने आपल्या माणसांचे अंतरंग धुंडाळले. आमच्यांचे तो धुंडाळणार नाही, आणि त्याने ते करावे अशी अपेक्षाही गैर आहे. ते काम मराठी लेखकाचे. कागदपत्रे पेशवे दफ्तरात आहेत, वाडा डोळ्यांसमोर आहे. रसिकांनी स्मायलीसाठी जरूर गहिवरावे. परंतु बाळाजीपंताने असे का केले, हा प्रश्न विचारण्याचे धैर्य जोवर ते दाखवीत नाहीत, तोवर त्या गहिवरास आम्ही रसिकता म्हणणार नाही.