सेलिया आली, बहिणाबाई कधी?

गेल्या शनिवारी भाची माझ्याकडे राहायला आली होती. वय वर्षे पाच, मुक्काम पुणे, मीडियम अर्थातच इंग्लिश. तिच्या आत्याने अमेरिकेहून एक चित्रांचं पुस्तक पाठवलंय, 'मे यामो सेलिया', म्हणजे 'माझं नाव सेलिया'. क्युबात जन्मलेल्या सेलिया क्रूझ या साल्सा गायिकेची गोष्ट. मोनिका ब्राऊनने लिहिलेलं, राफाएल लोपेझची चित्रं, २००४ चं पुस्तक. तीच गोष्ट इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये, शेजारीशेजारी. पोरगी 'आसूकार!' ओरडत घरभर नाचत होती. (आसूकार म्हणजे साखर. सेलिया स्टेजवर हेच ओरडायची.)

तेवढ्यात धुळ्याहून आईचा फोन. स्पीकरवर टाकला. "काय करी राह्यनी व माय?" पोरगी एकदम गप्प. मग मला म्हणते, "मामा, आजी कुठल्या लँग्वेजमध्ये बोलतेय?"

च्यायला, हवानाची साखर कळते आणि धुळ्याची आजी कळत नाही!

यात पोरीचा काय दोष? दोष आमचा. शाळेत 'मन्हं' म्हटलं की वर्ग हसायचा, म्हणून पुण्यात उतरल्याबरोबर आम्ही पहिलं काम काय केलं, तर अहिराणी अनइन्स्टॉल केली. आता हळदीला डीजेवर 'केसावर फुगे' लागलं की सगळे आयटीवाले पाच मिनिटं खानदेशी होतात. गाणं संपलं की परत शुद्ध!

आणि बहिणाबाई? जळगावजवळच्या आसोद्याची ही बाई. अक्षरओळख नाही, पण जात्यावर, शेतात काम करता करता गाणी रचायची. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती उतरवून घेतली, म्हणून वाचली. बाई १९५१ मध्ये गेल्या, पुस्तक आलं १९५२ मध्ये, अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. २०१८ साली जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव दिलं. छान झालं, पण पाच वर्षांच्या पोराने विद्यापीठाचं काय करायचं? त्याला जातं दाखवा, पीठ दाखवा, आणि एका बाजूला प्रमाण मराठी, दुसऱ्या बाजूला बाईंची स्वतःची लेवा बोली छापा. (ती अहिराणी नव्हे हो! पुण्यात सगळं खानदेशी एकाच पोत्यात भरतात.) अहिराणीसाठी श्रावणात रात्रभर कानबाईची गाणी म्हणणाऱ्या बाया आहेतच. त्यांच्यावर का नको एखादं पुस्तक?

लगेच ऐकायला मिळतं, "मार्केट कुठंय?" २०११ च्या जनगणनेत खानदेशी या नोंदीखाली १८ लाखांवर माणसं आहेत. आइसलँडची लोकसंख्या ४ लाखांच्या आसपास, आणि तिथल्या पोरांना आपल्या भाषेत पुस्तकं मिळतात. "बोलीला लिपी नाही" हा तर विनोदच. देवनागरी आहे ना! युनिकोड आहे, फॉन्ट आहेत, आणि आमच्यातले निम्मे लोक दिवसभर परदेशी क्लायंटचं सॉफ्टवेअर दहा-दहा भाषांत लोकलाइज करत बसलेले असतात. घरच्या भाषेची पाळी आली की मात्र बजेट नाही.

"मुलं गोंधळतील" म्हणणाऱ्यांसाठी टेक्सासची सेलेना आहे. घरात इंग्रजीच जास्त बोलणारी ही पोरगी आधी नुसत्या उच्चारावरून स्पॅनिश गाणी पाठ करून गायची, भाषा नंतर शिकली. तिच्यावरही अमेरिकेत लहान मुलांची इंग्रजी-स्पॅनिश पुस्तकं निघालीत. गोंधळली असती तर स्टेडियम भरलं नसतं.

काल मी आईला फोन केला. म्हटलं, कानबाईच्या गाण्यांची गोष्ट अहिराणीत सांग, मी रेकॉर्ड करतो, चित्रं काढणारा मित्र आहे. ती म्हणाली, "ते व्हई. पहिले पोरले फोन दे."