कॅमेरा कोणाच्या उंचीवर?

मोर्चा निघाला की आज घोषणांसाठी जितके हात वर जातात, जवळजवळ तितकेच चित्रणासाठी जातात. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात आहे. परंतु आठवड्याभराने ते सारे चित्रण एकत्र करून पाहिले तर हाती काय लागते? झेंडे, गर्दी, व्यासपीठ आणि ध्वनिक्षेपकासमोरचा नेता. ज्या पाण्यासाठी, ज्या मजुरीसाठी बायामाणसे दिवसाचा रोज बुडवून चालत आली, ते पाणी आणि ती मजुरी त्यात कुठेच नसते. ही उणीव कार्यकर्त्यांना जाणवू लागली आहे आणि म्हणूनच ठिकठिकाणच्या शिबिरांतून लघुपट करण्याचे शिक्षण देण्याची मागणी होते, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. फक्त त्या शिक्षणाची सुरुवात जिथून होते, तिथेच घोटाळा आहे. तिथे यंत्र शिकवले जाते, आणि यंत्र हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे.

याचा पुरावा फार लांब शोधायला नको. १९८४ साली अहमदाबादेत ‘सेवा’ या श्रमिक स्त्रियांच्या संघटनेतील वीस जणींना तीन आठवड्यांच्या शिबिरात व्हिडिओचे तंत्र शिकवले गेले. त्यांतील बहुतेकींना अक्षरओळख नव्हती, आणि त्या काळची यंत्रे आजच्या मोबाईलपेक्षा कितीतरी अवजड होती. तरीही त्या शिकल्या आणि पुढे वर्षानुवर्षे आपल्या संघटनेसाठी चित्रफिती करीत राहिल्या. निरक्षर स्त्रियांना तीन आठवड्यांत जे तंत्र आले, त्याचा शिकल्या-सवरलेल्या कार्यकर्त्याने बाऊ करण्याचे कारण नाही.

खरी अडचण निराळी आहे. अनुबोधपट म्हणजे काय, याची एक ठरीव कल्पना आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांच्या मनात मुरलेली आहे. १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाले आणि पुढे कित्येक दशके देशभरच्या चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी त्याचे लघुपट दाखवणे सक्तीचे होते. २०२२ च्या निर्णयानुसार ती संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली, तिचे नावही आता नव्या पिढीला ठाऊक नसेल. पण तिने लावलेली सवय गेलेली नाही. ती सवय म्हणजे पडद्यामागचा तो भारदस्त आवाज. पडद्यावर शेतकरी नांगर धरतो, कामगार हातोडा मारतो, स्त्री हंडा वाहते. बोलतो मात्र निवेदक. त्या संस्थेतही बंडखोर होतेच. सुखदेव यांनी १९६७ साली ‘इंडिया ६७’ हा लघुपट निवेदनाच्या एका शब्दाशिवाय केला. परंतु असे अपवाद लोकांच्या लक्षात राहिले नाहीत. राहिला तो आवाज. आणि आज चळवळीचा कार्यकर्ता जेव्हा स्वतः लघुपट करायला घेतो तेव्हा तो आधी काय करतो? निवेदन लिहितो. सरकारी निवेदकाच्या जागी पक्षाचा निवेदक येतो, एवढाच काय तो फरक. शेतकरी मुकाच राहतो.

या जागी तेलंगणातील जहीराबाद परिसराचे उदाहरण मुद्दाम सांगायला हवे. बिदरच्या शेजारचा हा कोरडवाहू मुलूख. तेथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या प्रेरणेने गावोगाव दलित स्त्रियांचे संघम उभे राहिले. त्यांतल्याच काही जणी, शेतमजुरी करणाऱ्या आणि बहुतांश निरक्षर, कॅमेरा शिकल्या. शिकताना कॅमेऱ्याची उंची हा प्रश्न आला. चित्रपटाच्या शाळेत त्यासाठी तांत्रिक शब्द आहेत; या बायांनी आपले शब्द घडवले. वरून खाली पाहणाऱ्या चित्रणाला त्यांनी नाव दिले पटेलाचे, कारण गावचा जमीनदार त्यांच्याकडे तसाच पाहत आला होता. खालून वर पाहणारे ते गुलामाचे. आणि समोरच्याच्या डोळ्यांच्या पातळीवर धरलेला कॅमेरा, तो संघमचा. कारण संघमच्या बैठकीत सगळ्या एकाच जमिनीवर बसतात.

चित्रपटशास्त्राचे जाडजूड ग्रंथ वाचून जे उमगत नाही ते या तीन नावांत आहे. कॅमेरा कुठे धरायचा हा सौंदर्याचा प्रश्न नंतरचा. आधी तो नात्याचा प्रश्न आहे. चळवळीच्या चित्रणात नेता बहुधा खालून टिपलेला असतो आणि जनता वरून, कुठल्यातरी गच्चीवरून. गर्दी मोठी दिसावी म्हणून तसे करतात, हे मान्य. परंतु जहीराबादच्या कोष्टकात त्याचा अर्थ लावून पाहावा.

याच स्त्रियांनी पुढे वरंगळ जिल्ह्यातील बीटी कापसावर लघुपट केला. केंद्राने या बियाण्याला मार्च २००२ मध्ये परवानगी दिली आणि त्याच खरिपात ते आंध्रात आणि आपल्या विदर्भातही पेरले गेले. कंपनीचे दावे एकीकडे, विरोधकांची पत्रके दुसरीकडे. या बायांनी कोणाचेही पत्रक वाचून दाखवले नाही. त्या पेरणीपासून वेचणीपर्यंत शेतकऱ्यांकडे पुन्हा पुन्हा गेल्या आणि त्यांना बोलते ठेवले. ‘वरंगळचे शेतकरी बीटी कापसावर का संतापले आहेत?’ हे त्या २००३ सालच्या लघुपटाचे नाव. त्याच्या निष्कर्षाशी कोणी वाद घालू शकेल. बीटी कापसाचा वाद पुढे वीस वर्षे चाललाच. पण हंगामागून सरकत जाणारा शेतकऱ्याचा स्वर हा कोणा वक्त्याने ठरवलेला नाही, हे विरोधकालाही नाकारता येत नाही. पुन्हा जाणे, एवढीच त्यातली युक्ती. एका दुपारी येऊन, चार वाक्ये टिपून निघून गेलेल्या माणसाला असा लघुपट करता येत नाही.

यावर आक्षेप येईल की लढाई उद्यावर आलेली असताना हंगामभर थांबायला वेळ कोणाला आहे? आक्षेप रास्त आहे. १९७४ च्या बिहार आंदोलनात आनंद पटवर्धन या तरुणाजवळ ना वेळ होता ना साधने. सुपर-८ या हौशी लोकांच्या कॅमेऱ्यावर घेतलेले चित्रण पडद्यावर टाकून ते पुन्हा १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने टिपावे, अशा खटपटीतून ‘क्रांती की तरंगे’ तयार झाला, आणि आणीबाणीत त्याची प्रत चोरून देशाबाहेर न्यावी लागली. घाईतही काम होते. परंतु त्याच पटवर्धनांच्या १९८५ च्या ‘हमारा शहर’ या मुंबईच्या झोपडपट्ट्यांवरील चित्रपटात एक प्रसंग आहे. झोपडी मोडलेली एक स्त्री कॅमेऱ्याकडे वळून चित्रण करणाऱ्यालाच धारेवर धरते. गरिबांची चित्रे काढून तुम्ही नाव कमावणार, आमच्या पदरी काय पडणार, असा तिच्या बोलण्याचा रोख आहे. संकलनाच्या टेबलावर तो तुकडा कापून टाकणे अगदी सोपे होते. तो ठेवला गेला. आणि त्या प्रश्नाचे उत्तर चित्रपटात मिळत नाही, हेही प्रेक्षकाला दिसते. पुढे १९८६ मध्ये संजय गांधी नगरच्या विस्थापितांसाठी झालेल्या उपोषणाला पटवर्धन स्वतः बसले. शिबिरात नव्या कार्यकर्त्यांना एकच प्रसंग दाखवायचा असेल तर तो हा दाखवावा. आपल्याला अडचणीत आणणारे वाक्य कापायचे की ठेवायचे, याचा निर्णय घेता येणे म्हणजे संकलन शिकणे. त्याचे बटण कोणते, हे कोणतेही पोर सांगेल.

आणखी एक गोष्ट कॅनडातली. १९६७ मध्ये न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यालगतच्या फोगो बेटावरील कोळ्यांना सरकार अन्यत्र हलवू पाहत होते. तेथे कॉलिन लो या दिग्दर्शकाने एक मोठा चित्रपट करण्याऐवजी दोन डझनांहून अधिक छोटे लघुपट केले. एकेका माणसाचे, एकेका विषयाचे. ते आधी बेटावरच्याच लोकांना दाखवले गेले, आणि नंतर त्यांच्या संमतीने मंत्र्यांना. एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या वस्त्यांतल्या लोकांना आपली दुःखे सारखीच आहेत, हे पडद्यावर दिसले. त्यांची सहकारी संस्था उभी राहिली आणि बेट रिकामे झाले नाही. हे सारे केवळ लघुपटांनी घडवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. संघटनेचे काम तेथे चालूच होते. मात्र आधी वस्तीला, मग मंत्र्याला, हा क्रम उचलण्याजोगा आहे. आपल्याकडे तो बहुधा उलटा असतो, आणि वस्तीची पाळी पुष्कळदा येतच नाही.

तंत्राच्या दोन-तीन गोष्टी मात्र सांगितल्याच पाहिजेत, कारण त्यांवाचून चांगले चित्रण वाया जाते. चित्र थोडे हलले तरी प्रेक्षक सोसतो. आवाज ऐकू आला नाही तर उठून जातो. दुसरा मोबाईल बोलणाऱ्याच्या खिशात ध्वनिमुद्रणासाठी चालू ठेवला तर निम्मे काम होते. प्रश्न विचारून झाल्यावर गप्प बसावे. उत्तर संपल्यानंतरच्या शांततेत माणूस खरे बोलू लागतो, आणि नेमका तेव्हाच अननुभवी माणूस पुढचा प्रश्न टाकतो. सगळे बोलणे आधी कागदावर उतरवून मगच कापाकापीला बसावे. पत्रक लिहिणाऱ्याला हे अवघड नाही. आणि चेहरा दाखवण्यापूर्वी परिणामांचा विचार करावा. ठेकेदाराविरुद्ध बोललेल्या मजुराचा चेहरा पडद्यावर आला की दुसऱ्या दिवशी त्याची हजेरी बंद होऊ शकते. मोर्च्याचे आपण घेतलेले चित्रण पोलीसही पाहतात. हात, पाठ, आवाज यांवरही लघुपट होतो.

तेव्हा तालुक्याच्या पुढच्या शिबिरात तीन दिवस मिळणार असतील तर पहिल्या दिवशी मोबाईल पेटीत ठेवावेत आणि प्रत्येकाने एकाच माणसाकडे, रेशन दुकानाच्या रांगेतल्या किंवा वीटभट्टीवरच्या, नुसते बसून यावे. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाकडे कॅमेरा घेऊन जावे. पाच मिनिटांच्यावर लघुपट नको, निवेदन अजिबात नको. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वस्तीत चादर बांधून तो त्या माणसाच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर दाखवावा, आणि ते काय म्हणतात ते कोणीतरी टिपून घ्यावे.