विधवेचे सूप आणि माल्टाची भाकरी

भगिनींनो, गेल्या महिन्यात पुण्याहून एका वाचक भगिनीचे पत्र आले. त्यांचा धाकटा मुलगा माल्टा नावाच्या देशात एका हॉटेलच्या भटारखान्यात कामाला लागला आहे. त्या लिहितात, ‘रोज फोनवर विचारते काय जेवलास, तर म्हणतो डाळ-भात. मग परदेशी जाऊन पाहिले काय? तिकडची गरिबाघरची माणसे काय खातात, ते या सदरातून सांगा. हॉटेलातले नको, घरातले सांगा.’

त्यांचे ते शेवटचे वाक्य आम्हांस फार आवडले. माल्टाच्या बाबतीत तर ते अगदी नेमके लागू पडते. या देशाचे म्हणून जे पदार्थ आज जगाला दाखवले जातात, ते बहुतेक सगळे गोरगरिबांच्या चुलीवरचे आहेत. सरदारांच्या पंगतीतले फारसे उरलेले नाही.

नकाशावर इटलीच्या पायाशी सिसिली बेट आहे. त्याच्या खाली बोटाने झाकला जाईल असा ठिपका म्हणजे माल्टा. सगळी बेटे मिळून 316 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईपेक्षाही लहान. 2021 च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर भरली, आणि तिथल्या परदेशी नागरिकांच्या मोठ्या गटांत आपले भारतीय आहेत. जमीन खडकाळ, नदी एकही नाही, जळणाला लाकूड नाही. अरब आले, सिसिलीकर आले, 1530 पासून 1798 पर्यंत सेंट जॉनच्या सरदारांनी राज्य केले, मग दोन वर्षे फ्रेंच आणि 1964 पर्यंत इंग्रज. भाषा मात्र अरबीच्या पोटातून आलेली राहिली. दुनियेला ते ‘दिन्या’ म्हणतात, किताबाला ‘क्तिएब’, आणि वर्षाला ‘सेना’, म्हणजे आपण ‘सन’ म्हणतो तेच. मुलाला भाषा शिकायला एवढी सुरुवात पुरे.

आता पाव. आपल्याकडे भाकरी तसा तिकडे पाव, ‘होब्स’. एखादा माणूस कसा आहे हे विचारायचे असेल तर माल्टी माणूस विचारतो, ‘तो कोणता पाव खातो?’ बाहेरून जाड, करपण्याच्या बेताला आलेले कवच आणि आत मऊ, मोठमोठ्या छिद्रांचा गर. पीठ आदल्या आंबवणाने फुगवतात. त्याच पिठाचा चपटा, कड्यासारखा पाव म्हणजे ‘फ्तिरा’. 2020 साली युनेस्कोने या फ्तिऱ्याची कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. तो हातानेच घडवावा लागतो, यंत्राला ते जमत नाही. कोर्मी नावाचे गाव भट्टीवाल्यांचेच. सरदारांच्या काळात त्याला ‘भट्टीवाल्यांचे गाव’ याच अर्थाचे नाव होते. घरोघरी भट्टी नसे, म्हणून रविवारी बायका भाताचे, मॅकरोनीचे, बटाट्याचे भांडे भरून गावच्या भट्टीवाल्याकडे भाजायला पाठवीत. घरी ‘केनूर’ नावाची दगडी शेगडी, तिच्यावर मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचे. जळण कमी असलेल्या घराची हीच रीत.

पाव खायची गरिबाची तऱ्हा म्हणजे ‘होब्स बिझ-झेय्त’, तेल-पाव. पावाच्या जाड फोडीवर पिकलेला टोमॅटो उलटा धरून चोळायचा, पाव लाल होईपर्यंत. मग ऑलिव्हचे तेल, मीठ, मिरी, पुदिना. हाताशी असतील तर खारवलेल्या केपरच्या कळ्या, ऑलिव्ह आणि डब्यातला ट्यूना मासा. शेतावर, गोदीत, कामावर जाताना कापडात बांधून न्यायचे. त्या मुलाने पहिल्यांदा हेच खावे. आईने भाकरीवर तेल-चटणी घालून दिली तर कशी लागते, ते त्याला ठाऊक आहेच.

या पावासाठी तिथे माणसे मेली आहेत. पहिले महायुद्ध संपले तरी मजुरी होती तिथेच राहिली आणि पावाचा भाव चढत गेला. 7 जून 1919 रोजी राजधानी व्हॅलेटामध्ये लोक रस्त्यावर आले. त्याच दिवशी स्वराज्याची मागणी करणाऱ्या प्रतिनिधींची सभा भरलेली होती. धान्याचे आयातदार आणि पिठाच्या गिरण्यांचे मालक यांच्यावर लोकांचा राग होता. जमाव त्यांच्या घरांवर चालून गेला. इंग्रज सैनिकांच्या गोळ्यांनी आणि संगिनीने चार माणसे मेली. अमृतसरच्या जालियनवाला बागेला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. साम्राज्य तेच, वर्षही तेच. 1921 साली माल्टाला मर्यादित स्वराज्य मिळाले आणि 7 जून हा आज तिथला राष्ट्रीय दिन आहे. दुकानात तो पाव हाती घेताना मुलाने एवढे लक्षात ठेवावे.

इथे एक बाजूची गोष्ट सांगतो. 1878 साली रशियाला धाक दाखवण्यासाठी इंग्रजांनी सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून बोटीने माल्टाला नेले होते. त्यांत मुंबई लष्कराच्या पलटणीही होत्या, आणि त्या काळी मुंबई लष्करात आपल्या समाजाचे शिपाई होते, हे वाचकांस सांगायला नको. तेव्हा पुण्याचा हा मुलगा त्या बेटावर उतरलेला पहिला महाराष्ट्रीय नव्हे!

आता ज्या पदार्थासाठी हा लेख लिहायला घेतला, तो सांगतो. त्याचे नाव ‘सोप्पा ताल-आर्मला’, म्हणजे विधवेचे सूप. मांस नाही, मासळी नाही. घरात, परसात, शेजारी जी भाजी मिळेल ती, आणि वर एक अंडे. कमावणारा माणूस गेल्यावर बाई जे परवडेल ते शिजवणार, त्यावरून हे नाव. पण गंमत अशी, की हे सूप विधवेपुरते राहिले नाही. सगळा देश ते आवडीने खातो, हिवाळ्यात तर हटकून. आपल्या देशातल्या शास्त्रांनी विधवेच्या ताटातून काय काय काढून घ्यायचे याचे नियम केले. तिकडे विधवेच्या नावाने पातेले चढते आणि त्यात अंडे आणि चीज घालतात. हे वाचून आमच्या घरी थोडा वेळ कुणी बोलले नाही.

ते आम्ही घरी करून पाहिले. चार माणसांना एक मोठा कांदा आणि चार पाकळ्या लसूण बारीक चिरून दोन चमचे तेलात मऊ होऊ द्यावे, लाल करू नये. दोन बटाटे, एक नवलकोल, दोन गाजरे, अर्धा लहान फ्लॉवर, वाटीभर मटार आणि वाटीभर पावट्याचे दाणे घालावेत. दोन टोमॅटोंचा रस, भाज्या बुडून वर चार बोटे राहील इतके पाणी, झाकण ठेवून मंद आचेवर पाऊण तास. नवलकोल सोडू नये, सुपाची चव त्यातच आहे. शेवटी आच कमी करून चार अंडी एकेक करून अलगद त्यातच फोडावीत आणि ढवळू नये. पाचेक मिनिटांत घट्ट होतात. तिकडे वरून ‘जबेय्ना’ म्हणजे मेंढीच्या किंवा शेळीच्या दुधाच्या चीजची लहान चकती सोडतात. आम्ही ताजे पनीर घातले. मीठ बेताने घालावे. मसाला काहीच नाही म्हणून घरातल्या मंडळींनी आधी नाके मुरडली, मग पातेले पुसून काढले. एकाने वरून लाल तिखट घेतले, त्याला आम्ही माफ केले.

जबेय्नावरून आणखी एक सांगायला हवे. पूर्वी माल्टाच्या गल्ल्यांतून शेळ्यांचे कळप फिरत आणि दाराशीच धार काढून दूध देत. त्या काळी ‘माल्टा ताप’ नावाचा आजार महिनोन्‌महिने माणसाला झिजवी. 1887 साली डेव्हिड ब्रूस यांनी त्याचा जंतू शोधला. पण तो येतो कुठून, हे 1905 साली माल्टाच्याच डॉ. थेमिस्टोक्लिस झाम्मित यांनी दाखवले: धडधाकट दिसणाऱ्या शेळीच्या कच्च्या दुधातून. आपल्याही खेड्यांत हा आजार जनावरांत आहे. शेळीचे दूध निरशे पिऊ नये, लहान मुलांना तर मुळीच देऊ नये. दुकानातल्या पाश्चराइज्ड दुधाची जबेय्ना मुलाने खुशाल खावी.

सशाचे मांस ही तिथली राष्ट्रीय मेजवानी. लसूण आणि वाइनमध्ये मुरवून तासन्‌तास शिजवतात. त्याच रश्श्यात आधी शेवयांसारखी स्पॅगेटी खायची, मग मांस. 29 जूनच्या इमनार्या सणाला बुस्केटच्या बागेत मंडळी जमतात तेव्हा ससा हवाच. पण हाही हक्क सहज मिळाला नाही. 1773 ते 1775 या काळात शिमेनेस नावाच्या सरदारप्रमुखाने धान्याचे भाव वाढवले आणि शिकारीवर बंदी घातली. असंतोष वाढत गेला. सप्टेंबर 1775 मध्ये काही धर्मगुरूंच्या पुढाकाराने उठाव झाला, तो फसला आणि तिघांना मृत्युदंड मिळाला. आता ससे पाळलेले असतात आणि हॉटेलात चांगलेच महाग पडतात.

रस्त्यावरचा स्वस्त खाऊ म्हणजे ‘पास्तित्सी’. पापुद्र्याच्या पारीत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचे सारण, भट्टीतून गरमागरम. एखादी वस्तू हातोहात खपली, की ‘पास्तित्सीसारखी खपली’ म्हणतात. सोबत दुधाचा चहा, तोही काचेच्या ग्लासात. म्हणजे आपला वडा आणि कटिंगच झाला! रोज मात्र खाऊ नये. तुपकट आहे, आणि लठ्ठपणात माल्टा युरोपात पुढच्या रांगेत आहे. त्यापेक्षा ‘बिगिल्ला’ बरी. लहान काळपट वाल रात्रभर भिजवून, शिजवून, लसूण, मिरची, पार्सलीचा पाला आणि तेल घालून घोटायचे. पावाबरोबर खायचे ते अस्सल कोरड्यास. पूर्वी फेरीवाले ती गरम गरम ओरडत विकत.

मासळीत ‘लाम्पूकी’. तिचा हंगाम 15 ऑगस्टच्या सुमारास सुरू होतो, आपले कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्रावर जातात त्याच दिवसांत. माडासारख्या झावळ्यांचे तराफे पाण्यावर सोडतात, मासे सावलीला जमतात आणि जाळ्यात येतात.

15 ऑगस्टची तिथे दुसरीही आठवण आहे. दुसऱ्या महायुद्धात 1940 ते 1942 बेटाची कोंडी झाली आणि अन्न संपत आले. सरकारी ‘व्हिक्टरी किचन’मधून लाखाहून अधिक लोक पातळ सूप आणि शेळीचे मटण रांगेत उभे राहून घेत, आणि त्या जेवणाला मनसोक्त शिव्या देत. ऑगस्ट 1942 मध्ये चौदा मालवाहू बोटी निघाल्या, पाचच पोचल्या. शेवटची ‘ओहायो’, तेलाने भरलेली आणि बुडायला आलेली, दोन्ही बाजूंनी लढाऊ बोटींनी सावरत 15 ऑगस्टला बंदरात आणली. आजही बेटावरचे बहुतेक अन्नधान्य समुद्रावरूनच येते.

गोड राहिले. व्हॅलेटाच्या वेशीशी बसथांब्यावर ‘इमारेत’ तळून देतात. शंकरपाळीच्या आकाराची पारी, आत खजुराचे सारण आणि बडीशेपेचा वास. रात्रपाळी संपवून बस धरताना त्या मुलाने दोन कागदात बांधून घ्यावीत. एक तिथेच खावी, दुसरी खोलीवरच्या सोबत्याला द्यावी आणि मग आईला फोन करावा.

सूप करून पाहिलेल्या भगिनींनी पत्राने कळवावे. नवलकोल मिळाला नाही तर काय घातले, तेही लिहावे.