संसारांतील चार गोष्टी : गारठलेली मोटार आणि उबदार कोनाडा

या सदराकडे दर महिन्यास येणाऱ्या पत्रांपैकीं एक पत्र या खेपेस आम्हीं मुद्दाम वर काढून ठेविलें आहे. पुण्याच्या एक वाचक भगिनी लिहितात : "आमची कन्या व जावई कॅनडांतील विनिपेग शहरीं राहतात. पुढच्या जानेवारींत कन्येचें बाळंतपण असून त्यासाठीं मी तिकडे जाणार आहें. तेथें थंडीनें मोटारी सुरूच होत नाहींत, असें ऐकतें. बसलेल्या बॅटरीस जोर देणारी जंप स्टार्टर नांवाची लहान पेटी मिळते म्हणे. ती येथूनच घेऊन जाऊं काय, आणि घेतल्यास कोणती घ्यावी?"

हा प्रश्न यंत्रविषयक मासिकाकडे जावयास हवा होता, असें कोणी म्हणेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. ज्या घरांत बाळंतपण जवळ आलें आहे, त्या घरीं ऐन वेळीं न निघणारी मोटार हा संसाराचाच प्रश्न होय. शिवाय त्याचें उत्तर आमच्या घरच्या मंडळींस एका रात्रीं फार धास्तावून शिकावें लागलें आहे.

आमची थोरली बहीण याच विनिपेगमध्यें आपल्या लेकीच्या बाळंतपणास गेली होती. २०१९ सालच्या जानेवारीच्या अखेरीस तेथें थंडीची मोठी लाट आली आणि रात्रीं पारा उणे तीस अंशांच्याही खालीं उतरूं लागला. अशा एका मध्यरात्रीं भाचीस कळा सुरू झाल्या. जावई लगबगीनें खालीं गेले व त्यांनीं मोटारीची कळ दाबली, तों आंतून नुसती टक् टक् ऐकूं आली. जावई मोठे सावध गृहस्थ. खोक्यावरील सर्वांत मोठा आकडा पाहून दिवाळींतच त्यांनीं जंप स्टार्टर विकत घेतला होता व तो मोटारीच्या डिकींत नीट ठेविलाही होता. त्यांनीं चिमटे लाविले. पेटीवरचा दिवा दोनदां मिणमिणला आणि विझला. मोटारीबरोबर ती पेटीही कित्येक रात्री त्याच थंडींत गारठत पडली होती! शेवटीं शेजारचे एक वृद्ध गृहस्थ रात्रीच्या कपड्यांवर कोट चढवून आले आणि त्यांनीं आपल्या मोटारींतून मायलेकींस रुग्णालयांत पोंचविलें. सर्व सुखरूप पार पडलें. ती नात आज शाळेंत जाते. पण ताई अजून म्हणते, "अरे, दिवा घरांत होता, पण ऐन अंधारांत त्यांतलें तेलच थिजलेलें!"

असें कां झालें, हें समजून घेतल्यावांचून निवड करतां यावयाची नाहीं. मोटारीची नेहमींची बॅटरी शिसें व गंधकाम्ल यांची असते. हिचा शोध प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं लाविला. तिची वीज रासायनिक क्रियेंतून निघते, आणि थंडींत ती क्रिया मंदावते. उणे अठरा अंशांस बॅटरीचा जोर निम्म्याहूनही कमी उरतो. इकडे आपल्याकडील हिवाळ्यांत खोबरेल जसें बाटलींत थिजतें, तसें इंजिनांतलें तेल दाट होतें आणि तें फिरवावयास अधिक जोर लागतो. म्हणजे मिळकत घटावी व त्याच महिन्यांत खर्च वाढावा, तसा हा प्रकार! पूर्वीं मोटारीच्या तोंडाशीं हँडल घालून इंजिन फिरवीत असत. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीस विजेचा स्टार्टर बसला, हळूहळू हँडल गेलें आणि सारा भार बॅटरीवर पडला.

आतां पेटीकडे वळूं. बहुतेक लहान पेट्या लिथियमच्या असतात. वजनानें त्या हलक्या व दिसावयास सुबक. परंतु त्यांसही थंडी बाधते. फार गारठल्यावर त्या पुरता जोर देत नाहींत, आणि शून्याखालीं त्या चार्ज केल्यास आंतील घट कायमचे बिघडतात. दुसरा प्रकार शिशाच्या बॅटरीच्या मोठ्या पेट्यांचा. त्या दणकट खऱ्या, पण इतक्या जड कीं वयस्क माणसास उचलणें कठीण. तिसरा प्रकार सुपरकपॅसिटरचा. त्यांत वीज सांठवून ठेवावयाची नसते. मोटारीच्या दुबळ्या बॅटरींत उरलेली वीज तो कांहीं मिनिटांत ओढून घेतो व एकदम परत देतो. उणे चाळीस अंशांतही चालतील अशा या पेट्या मिळतात, त्यामुळें मोटारींतच ठेवावयाची असल्यास हाच प्रकार बरा. मात्र बॅटरी अगदींच कोरडी असेल, तर त्यास वीज दुसरीकडून द्यावी लागते.

खोक्यावरील आकड्यांविषयीं दोन शब्द. मोठ्या अक्षरांत छापलेले 'पीक अँपिअर' म्हणजे क्षणमात्र उसळणारा प्रवाह. तो मोजण्याची सर्वांस बांधून टाकणारी एक रीत नाहीं. मोटारीच्या बॅटरीवरील 'सी. सी. ए.' हा आकडा त्याहून प्रामाणिक. उणे अठरा अंशांस, तीस सेकंदपर्यंत, ७.२ व्होल्टच्या खालीं न जातां बॅटरी किती प्रवाह देते, तें तो सांगतो. या दोन आकड्यांची तुलना करूं नये. तसेंच 'वीस हजार मिलिअँपिअर-तास' वाचून भुलूं नये. ते ३.७ व्होल्टच्या घटाचे असतात; त्यांचे होतात ७४ वॅट-तास, आणि बारा व्होल्टच्या हिशेबानें ते सुमारें सहा हजारच भरतात.

मग पाहावें तें काय? पहिलें, आपलें इंजिन किती लिटरचें व पेट्रोलचें कीं डिझेलचें आहे, आणि पेटी त्यास पुरेल असें बनविणारा स्पष्ट लिहितो कीं नाहीं. डिझेलच्या इंजिनास जोर जास्त लागतो. दुसरें, पेटी किती खालच्या तपमानापर्यंत चालते. हा आकडा मोठ्या अक्षरांत क्वचितच असतो, पण थंड मुलुखांत तोच आधीं शोधावा. तिसरें, चिमटे उलटे लागल्यास प्रवाह रोखण्याची सोय. चवथें, तारा जाड व चिमट्यांची पकड घट्ट. पांचवें, अगदीं उतरलेली बॅटरी पेटीस ओळखूं येत नाहीं, तेव्हां हातानें प्रवाह सोडण्याची कळ. ही कळ दाबल्यावर मात्र उलट्या जोडणीपासूनचें संरक्षण पुष्कळ पेट्यांत बंद होतें, म्हणून लाल व काळा चिमटा दोनदां पाहून घ्यावा.

वापरण्याची रीत पेटीबरोबरच्या पुस्तिकेंत असते. ती दिवसाउजेडीं वाचून ठेवावी. सामान्यतः लाल चिमटा आधीं धन टोंकास लावावा, आणि काळा इंजिनाच्या रंग नसलेल्या धातूस, बॅटरीपासून दूर. कारण बॅटरींतून निघणारा हायड्रोजन ठिणगीनें पेट घेतो. कळ पांच सेकंदांहून अधिक दाबून धरूं नये. मध्यें थोडा विसांवा द्यावा. काढतांना काळा आधीं. आणि एक गोष्ट कधींही विसरूं नये : बॅटरी फुगलेली वा गोठलेली दिसली, तर तिला मुळींच जोर देऊं नये, ती फुटण्याचा धोका असतो. भरलेली बॅटरी उणे पन्नास अंशांतही सहसा गोठत नाहीं, पण पूर्ण उतरलेली उणे दहाच्या आसपासच गोठूं लागते.

आतां पत्रलेखिका भगिनींस आमचें सांगणें. पेटी येथून नेण्याचा खटाटोप करूं नये. लिथियमची पेटी विमानांत सामानाच्या बॅगेंत टाकतां येत नाहीं. शंभर वॅट-तासांच्या आंतील पेटी हातच्या पिशवींत नेतां येते, तरी विमान कंपनीस आधीं विचारावें लागतें. त्यापेक्षां जावईबापूंनीं तेथेंच, परत करण्याची मुदत पाहून घ्यावी. पण त्याआधीं दोन कामें उरकावींत. मोटारीची बॅटरी चार-पांच वर्षांची झाली असेल, तर दुकानांत तपासून घ्यावी व दुबळी निघाल्यास थंडीपूर्वीं बदलावी. पेटी ही म्हाताऱ्या बॅटरीची काठी आहे, तारुण्य नव्हे! आणि विनिपेगमध्यें मोटारींच्या तोंडाशीं जी विजेची लहान दोरी लोंबतांना दिसते, ती इंजिन ऊबदार ठेवणाऱ्या हीटरची असते. ती रात्रीं भिंतीवरील जागेंत जोडावयाची असते. ताईच्या त्या रात्रीं शेजाऱ्यांची दोरी जोडलेली होती, आमच्या मंडळींची राहून गेली होती. दोन मोटारींत फरक तो एवढाच.

आणि पेटी आली कीं तिची जागा ठरवावी. लिथियमची पेटी डिकींत नव्हे, तर घरांत, दाराजवळच्या कोनाड्यांत, किल्ल्यांशेजारीं असावी. बाहेर निघतांना ती किल्लीबरोबर उचलावी, आल्यावर पुन्हां तेथेंच ठेवावी. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस तिचा दिवा पाहावा व उतरली असल्यास घरच्या उबेंतच ती चार्ज करावी. आमच्या भाचीच्या घरीं आतां हें काम ती नातच करते. दिवेलागणीस समईंत तेल आहे ना, हें पूर्वीं घरांतलें लहान मूल जसें पाहावयाचें, तसेंच तें. मोठा आकडा दुकानांत विकत मिळतो, पण ऐन वेळेचा जोर घरांत रोजच्या रोज राखावा लागतो. आपल्या कन्येचें बाळंतपण सुखरूप पार पडो, आणि त्या पेटीस कोनाड्यांतून उठण्याची पाळीच न येवो, हीच आमची इच्छा.