घराभोवतीच्या बागेचे अंदाजपत्रक पाण्यापासून सुरू व्हावे

ग्रामीण भागात पक्की घरे वाढली, तशी घराभोवतीच्या मोकळ्या जागेला बागेचे रूप देण्याची हौसही वाढली आहे. ती स्वागतार्हच आहे. मात्र या कामाच्या अंदाजपत्रकात बहुधा रोपे, हिरवळ, पेव्हर ब्लॉक आणि कुंपण यांचाच खर्च धरलेला असतो. पाणी, माती व पुढील वर्षांची देखभाल यांना त्यात स्थान नसते. परिणामी पावसाळ्यात डोळ्यांत भरणारी बाग पुढच्या उन्हाळ्यात करपते आणि केलेला खर्च वाया जातो.

हिरवळीचेच उदाहरण घेऊ. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी देणे म्हणजे एक लिटर पाणी देणे. उन्हाळ्यात दररोज पाच मिलिमीटरची गरज धरली, तरी १,००० चौरस फूट हिरवळीस रोज सुमारे ४६५ लिटर पाणी लागेल. जल जीवन मिशनच्या दरडोई ५५ लिटर या निकषानुसार पाच जणांच्या कुटुंबाला मिळणारे पाणी २७५ लिटर भरते. ज्या गावात मे महिन्यात टँकर येतो, तेथे अशी हिरवळ आखणे कितपत योग्य, याचा विचार खर्चाच्या आकड्यांआधी व्हायला हवा.

मातीचा हिशेबही असाच बोलका आहे. तेवढ्याच हिरवळीखाली चार इंच सुपीक मातीचा थर द्यायचा, तर सव्वातीन ब्रासहून अधिक माती वाहून आणावी लागते. याउलट दोन फूट लांब, रुंद व खोल अशा पाच खड्ड्यांना मिळून अर्धा ब्रासही भरत नाही आणि त्यातील बरीचशी माती खोदकामातूनच मिळते. शिवाय लिंबू, शेवगा, कढीपत्ता ही झाडे सावलीबरोबर स्वयंपाकघरालाही हातभार लावतात. न्हाणीघराच्या सांडपाण्यावर केळी व अळू सहज पोसले जातात.

म्हणून खर्चाचा क्रम असा असावा: प्रथम जमिनीचा उतार, पाण्याचा निचरा व ठिबकची व्यवस्था, नंतर माती आणि कुजलेले शेणखत, पावसाळ्याच्या प्रारंभी कायमची झाडे, त्यानंतर भाजीपाला व फुलझाडे. फरसबंदी सर्वांत शेवटी करावी. अन्यथा नळी टाकण्यासाठी तीच पुन्हा उखडावी लागते. हिरवळ हवीच असल्यास बसण्यापुरती ठेवावी. एकूण रकमेचा दहावा हिस्सा मर रोपांच्या जागी नवी रोपे लावणे व आकस्मिक दुरुस्ती यांसाठी राखून ठेवावा.

आणखी एक रकाना आवर्जून असावा, तो श्रमांचा. पाणी घालणे, खुरपणी, पालापाचोळा गोळा करणे ही कामे बहुतेक घरांत स्त्रियांकडेच येतात आणि ती फुकट धरली जातात. त्यांच्या वेळेचे मोल मजुरीच्या दराने मांडले, तर बागेचा आकार किती असावा याचा निर्णय अधिक शहाणपणाने होईल.

विस्तार कार्यकर्त्यांनी बागेचा आराखडा देताना तीन वर्षांचे अंदाजपत्रक द्यावे आणि त्याची पहिली ओळ मे महिन्यातील उपलब्ध पाण्याची असावी. तेवढ्या पाण्यावर जगेल, तेवढीच बाग खऱ्या अर्थाने परवडणारी असते.