एका गोळीवरून नेमबाज ठरत नाही

गेल्या आठवड्यात माझ्या एका निवृत्त सीनियरांचा फोन आला. मी चंदीगडला आल्यापासून महिन्यातून एकदा तरी येतोच. इकडचं तिकडचं झाल्यावर ते म्हणाले, "अरे, त्या फँटसीवाल्या अ‍ॅप्सवर सरकारनं बंदी घातली ते मला काही पटलं नाही. तुझ्या चंदीगडच्याच हायकोर्टानं म्हटलं होतं ना, हा कौशल्याचा खेळ आहे म्हणून?"

मी "हो सर" म्हणालो आणि विषय बदलला. बदलायला नको होता. कारण नेमकं हेच वाक्य काही वर्षांपूर्वी मी एका जवानाला ऐकवलं होतं, भर सैनिक संमेलनात. त्याची किंमत त्यानं मोजली. म्हणून सर, तुमचं उत्तर आज इथे लिहितो.

आधी निकालाबद्दल. सेक्टर १ मधल्या ल कॉर्बुझिएनं उभारलेल्या त्या काँक्रीटच्या इमारतीत, पंजाब आणि हरियाणा हायकोर्टानं एप्रिल २०१७ मध्ये तो दिला. याचिका केली होती पैसे भरून हरलेल्या एका खेळाडूनं, आणि ती ड्रीम इलेव्हनविरुद्ध होती. न्यायालयानं म्हटलं की संघ निवडायला खेळाडूंचा अभ्यास लागतो, डोकं लागतं, म्हणून हा जुगार नाही. आधार घेतला तो घोड्यांच्या शर्यतींवरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालाचा. त्याच्याही मागे १८६७ चा जुगारबंदीचा कायदा आहे, ज्यानं कौशल्याच्या खेळांना वगळलं होतं. २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टानंही तोच सूर लावला. कायद्याच्या चौकटीत न्यायालयांना हाच प्रश्न विचारला गेला होता: कौशल्य की नशीब? त्यांनी त्याचं उत्तर दिलं. माझं भांडण त्या प्रश्नाशी आहे.

फँटसी फुटबॉलची गुणपद्धत कशी चालते ते बघा. मी स्वतः इंग्लिश प्रीमियर लीगचा फँटसी खेळ कित्येक वर्षं खेळतोय. तो फुकट आहे. एनडीएतल्या कोर्समेट्सची आमची एक लीग आहे आणि तिच्यात तळाला येणाऱ्यानं पुढच्या भेटीत सगळ्यांना जेवण द्यायचं, एवढाच दंड. १० कोटी पौंडांच्या काल्पनिक बजेटमध्ये १५ खेळाडू घ्यायचे, एका क्लबचे जास्तीत जास्त ३. मैदानात ६० मिनिटं पूर्ण केली की २ गुण, त्याहून कमी खेळला तर १. फॉरवर्डच्या गोलला ४, मिडफिल्डरच्या ५, डिफेंडरच्या ६. गोलला मदत केली तर ३. संघानं गोल खाल्ला नाही तर गोलकीपर आणि डिफेंडरला ४. पिवळं कार्ड उणे १, लाल कार्ड उणे ३. कर्णधार निवडाल त्याचे गुण दुप्पट.

या तक्त्यात अभ्यासाला वाव आहे, यात वाद नाही. पण आता एकच सामना घ्या. तुमचा डिफेंडर उत्तम खेळतोय, गोल झालेला नाही. ५९ व्या मिनिटाला त्याच्या पायात गोळा आला आणि कोचनं त्याला बाहेर काढलं. त्याला १ गुण. तोच गोळा दोन मिनिटं उशिरा आला असता आणि पुढे तो मैदानावर नसताना कितीही गोल झाले असते, तरी ६. तो तुमचा कर्णधार असेल तर २ आणि १२. आता सांगा, या १० गुणांच्या फरकात तुमचं कौशल्य कुठे आलं?

फायरिंग रेंजवर आपण रिक्रूटला पहिल्या दिवशी काय शिकवतो? एक गोळी बुलमध्ये गेली म्हणून कुणी नेमबाज होत नाही. पाच गोळ्यांचं ग्रुपिंग बघायचं. प्रीमियर लीगचा फँटसी खेळ ३८ आठवडे चालतो. कुणाच्या पायात कधी गोळा येईल ते तेवढ्या काळात बऱ्यापैकी फिटतं आणि शेवटी अभ्यास करणारा वर येतो. ते ग्रुपिंग आहे. पैशांच्या अ‍ॅप्सवर मात्र बहुतेक हिशेब एका सामन्यात मिटायचा. कर्णधाराला दुप्पट, उपकर्णधाराला दीडपट, आणि रात्री अकराला निकाल. म्हणजे एक गोळी झाडायची आणि तिच्यावरून बक्षीस वाटायचं.

दुसरी गोष्ट. हा तक्ता जे दिसतं त्याला गुण देतो. चंदीगडनं भारतीय फुटबॉलला दोन मोठी माणसं दिली. इथेच जन्मलेला सेंटर-बॅक संदेश झिंगन आणि शेजारच्या मोहालीचा, इथल्याच सेंट स्टीफन्समध्ये शिकलेला गोलकीपर गुरप्रीतसिंग संधू. सप्टेंबर २०१९ मध्ये दोह्यात आशियाई विजेत्या कतारला भारतानं ०-० वर रोखलं ते या दोघांच्या जोरावर. त्या रात्री छेत्री नव्हता आणि गुरप्रीत कर्णधार होता. हा तक्ता लावला तर गुरप्रीतला तीन बचावांमागे एक गुण. झिंगननं अडवलेल्या, डोक्यानं बाहेर काढलेल्या चेंडूंना तेव्हाच्या तक्त्यात स्वतंत्र काहीच नाही. शेवटच्या मिनिटाला एक गोल झाला असता तर गोल न खाल्ल्याचे ४ गुणही गेले असते आणि दीड तासाच्या खेळाचे झिंगनच्या हातात २ उरले असते. बचावाच्या कामाला गुण द्यायला प्रीमियर लीगच्या फँटसीनं सुरुवात केली ती २०२५-२६ च्या हंगामात. मोजमाप कसं करायचं ते मोजणारा ठरवतो आणि हवं तेव्हा बदलतो. फुकटच्या खेळात त्यानं काही बिघडत नाही.

आता त्या जवानाबद्दल. पोरगा राधानगरी तालुक्यातला, फुटबॉलचा वेडा. सुट्टी मागायचा तीही शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा सामना बघून. संमेलनात त्यानं उभं राहून विचारलं, "साहेब, फोनवर टीम लावलेली चालते का? पैसे भरून?" मी सेकंड-इन-कमांड होतो. हसत म्हणालो, "कौशल्याचा खेळ आहे रे, हायकोर्टानं सांगितलंय. जपून खेळ." सगळे हसले.

दीड वर्षानं सुभेदार साहेब माझ्याकडे आले. कंपनीत सात जणांची उधारी थकली होती. पोराला बोलावलं. घराच्या स्लॅबसाठी साठवलेले १ लाख ८० हजार गेले होते, पन्नास-शंभर रुपयांच्या एन्ट्रीनं, दिवसाला चार-पाच. अशी डझनभर अ‍ॅप्स होती, त्यातलं एक. मी चिडून विचारलं, "अरे, थांबला का नाहीस?" तो म्हणाला, "साहेब, मला फुटबॉल कळतो. हरलो की वाटायचं, अभ्यास कमी पडला."

हे उत्तर मी विसरलेलो नाही. लॉटरीत हरलेला माणूस नशिबाला शिव्या देऊन उठतो. कौशल्याच्या खेळात हरलेला स्वतःला दोष देतो आणि आणखी अभ्यास करून परत बसतो. 'कौशल्य' हा शब्द कोर्टात कंपन्यांची ढाल होता आणि त्या पोरासाठी गळ.

आणि समजा, कौशल्य शंभर टक्के आहे. मग काय होतं? सगळ्यांनी भरलेल्या पैशातून कंपनी आधी आपला वाटा काढते. उरलेल्यातलं बरंचसं त्यांच्याकडे जातं जे दिवसभर आकडेवारी घेऊन बसतात आणि एका सामन्याला अनेक संघ लावतात. रात्रीच्या गस्तीवरून येऊन दहा मिनिटांत संघ लावणाऱ्या शिपायाचे पैसे त्यांच्याकडे वाहतात. कौशल्य जितकं जास्त, तितकं हे वाहणं पक्कं. नशिबाच्या खेळात त्याला निदान बरोबरीची संधी असते.

म्हणून ऑगस्ट २०२५ च्या कायद्यातली एक गोष्ट मला बरोबर वाटते. त्यानं कौशल्य की नशीब हा प्रश्नच बाजूला ठेवला. जिंकायच्या आशेनं पैसे लावायचे असतील तर तो ऑनलाइन मनी गेम, मग त्यात कौशल्य असो वा नसो. शिक्षा चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. कायद्याला आव्हान दिलं गेलं आहे. न्यायालय काय ते ठरवेल.

सर, तुम्ही म्हणाल की सज्ञान माणसानं स्वतःचे पैसे कसे उडवावेत हे सरकारनं का सांगावं, आणि बंदीनं लोक परदेशी सट्ट्याच्या अ‍ॅप्सकडे वळतील. दुसरा मुद्दा खरा आहे. तिथे कायदा पुरणार नाही, कंपनी कमांडर आणि सुभेदार साहेबच पुरतील. पहिल्या मुद्द्यावर एवढंच सांगतो, की तो सज्ञान होता आणि त्यानं विचारलं होतं. आपल्या माणसांना आपण दारूबद्दल, कर्जाबद्दल, चिटफंडांबद्दल सांगतो. याबद्दल मी सांगायच्या ऐवजी निकालाचा हवाला दिला.

त्या पोराची उधारी फेडायला पावणेदोन वर्षं लागली. मी पोस्टिंगवर निघालो तेव्हा स्लॅब पडायचाच होता. तो अजून फुटबॉल बघतो. आमच्या फुकटच्या लीगमध्ये त्याला घेतलंय आणि गेल्या हंगामात तो माझ्या सहा जागा वर होता. त्याला खरंच फुटबॉल कळतो.