आमच्या घरातली बनवाबनवी

गेल्या महिन्यात म्हैसूरला, मानसगंगोत्रीजवळच्या चहाच्या टपरीवर, कुणाच्या तरी मोबाईलवर ‘मालगुडी डेज’ची धून वाजली. आम्ही चार-पाच सहकारी, सगळे चाळिशी ओलांडलेले, बोलता बोलता थांबलो. एल. वैद्यनाथन यांचं ते संगीत ऐकलं की आमच्या वयाच्या माणसाचं असंच होतं. मग आठवणी निघाल्या. शंकर नाग, स्वामी झालेला मंजुनाथ, आर. के. लक्ष्मण यांची चित्रं, ‘वागले की दुनिया’. शेवटी एक जण म्हणाला, “काय दिवस होते! गल्लीत एक टीव्ही आणि सगळे एकत्र. तेव्हा कोण कुणाची जात विचारायचं?”

तिथे मी काही बोललो नाही. म्हणून इथे लिहितोय.

मी मनमाडचा. वडील रेल्वेत. १९८७ साली आमच्याकडे टीव्ही नव्हता, मागच्या गल्लीत एका घरी होता. त्या घरातली आणि शेजारची मुलं आत सतरंजीवर बसायची, आम्ही वस्तीतली मुलं बाहेर खिडकीला लटकायचो. आम्हाला कुणी हाकललं नाही आणि कुणी ‘आत ये’ असंही म्हटलं नाही. जात कुणी विचारत नव्हतं हे खरंच आहे. सगळ्यांना ती माहीत होती, मग विचारायचं कशाला?

तरीही मालगुडी मला आवडतं. इथे यादवगिरीत आर. के. नारायण यांचं घर आहे, २०१६ पासून तिथे संग्रहालय आहे. म्हैसूरला आल्यावर पहिल्याच रविवारी मी तिथे जाऊन आलो. नारायण यांच्यावर माझा राग नाही. त्यांनी आपल्या ओळखीचं जग लिहिलं आणि फार गोड लिहिलं. माझी तक्रार आहे ती त्या जगाला ‘आपलं सगळ्यांचं बालपण’ म्हणणाऱ्यांशी.

मराठीत हेच ‘अशी ही बनवाबनवी’चं झालंय. १९८८ चा हा सिनेमा आजही टीव्हीवर लागला की लोक संवाद आधीच म्हणून टाकतात. मीही म्हणतो. पुण्यात चार तरुणांना भाड्याची खोली हवी, मालकीणबाईंना भाडेकरू जोडपीच हवीत, म्हणून दोघे साडी नेसतात. ही त्यातली गंमत.

माझे नाना, म्हणजे धाकटे काका, त्याच काळात पुण्यात नोकरीला लागले. त्यांनाही खोली मिळत नव्हती. नानांचं लग्न झालेलं होतं, काकू सोबत होत्या. अडचण निराळी होती. आमचं आडनाव दोन्हीकडे चालणारं आहे, मराठ्यांतही आणि आमच्यातही. नानांनी मालकांचा गैरसमज होऊ दिला. बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत कपड्यांखाली गेला. १४ एप्रिलला नाना ‘ऑफिसच्या कामाला’ म्हणून घराबाहेर पडायचे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे गेलो होतो. टेपरेकॉर्डरवर प्रल्हाद शिंदेंची कॅसेट लावली. विठ्ठलाची गाणी सुरू होती तोवर नाना निवांत होते. मग मी दुसरी कॅसेट टाकली, भीमगीतांची. आवाज तोच, गायक तोच. नाना ताडकन उठले, आवाज कमी केला आणि खिडकी लावून घेतली. काकू मान खाली घालून भाकऱ्या थापत राहिल्या. त्याच सुट्टीत ‘बनवाबनवी’ टीव्हीवर लागला होता. नाना पोट धरून हसले. त्यांच्याइतका तो सिनेमा दुसऱ्या कुणाला कळला असेल, असं मला वाटत नाही.

आमच्या लहानपणाचंही संगीत होतं. रात्र रात्र चाललेल्या गायनपार्ट्या होत्या, सवाल-जवाब होते, कर्ण्यावरून घुमणारी वामनदादा कर्डकांची गाणी होती. वामनदादा आमच्याच जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. २००४ साली ते गेले, तोवर हजारो गाणी लिहून झाली होती. ‘आकाशवाणी’ हे नाव १९३५ साली याच म्हैसूरमध्ये, प्रा. गोपालस्वामी यांनी सुरू केलेल्या केंद्रातून रूढ झालं. पण आमच्या घरातल्या रेडिओवर मी वामनदादांचं नाव ऐकल्याचं मला आठवत नाही. ती गाणी आम्हाला चौकातल्या स्टेजवरून मिळाली आणि जत्रेतल्या कॅसेटच्या दुकानातून. ‘जुनी गाणी’ म्हणून जे कार्यक्रम होतात, त्यांत ती आजही क्वचितच असतात.

आणि हे सगळं जुनं झालं म्हणावं, तर तसंही नाही. दोन वर्षांपूर्वी मी इथे घर शोधत होतो. एका मालकांनी आधी विचारलं, मांस-मच्छी खाता का? मग पूर्ण नाव विचारलं. कन्नड माणसाला माझं आडनाव उलगडेना. म्हणून त्यांनी सरळच विचारलं, “मराठी म्हणजे ब्राह्मण की मराठा?” मी म्हटलं, “दोन्ही नाही, बौद्ध.” संध्याकाळी दलालाचा फोन आला, घर मालकांच्या भाच्याला द्यायचं ठरलंय. पुढे तीन महिने त्या गेटवर ‘टू-लेट’ची पाटी होती.

आठवणी काढू नका, असं मी म्हणत नाही. हसण्यावर माझाही हक्क आहे. पण ‘तेव्हा जात नव्हती’ हे वाक्य आठवण म्हणून खपवू नका. तुम्हाला ती दिसली नाही, कारण तुम्ही सतरंजीवर होतात आणि तुमची पाठ खिडकीकडे होती. आणि आपल्या लोकांना माझं सांगणं आहे की नानांसारख्यांच्या गोष्टी लिहा, त्यांतल्या विनोदासकट लिहा. घरासाठी आडनाव झाकणाऱ्या माणसाची कॉमेडी मराठीत अजून व्हायची आहे.

अखेर मला घर मिळालं. सामान लावताना पहिला खिळा फोटोसाठी ठोकला. नाना आता सत्तरीत आहेत. मागच्या दिवाळीत आले तेव्हा बराच वेळ त्या फोटोसमोर उभे राहिले, मग म्हणाले, “आवाज वाढव जरा, नीट ऐकू येत नाही.”

जयभीम.